‘अतिक्रमण’ हा शब्द आधी आपल्या तोंडातून काढा

(ज्यांना वाचता येते त्यांनी हा लेख बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)

साथींनो, भावांनो, बायांनो,

आपल्या कोणत्याही गावात जा आणि विचारा, "दादा, वावर किती हाय?" उत्तर येते, "घरचं दोन एकर अन् अतिक्रमण तीन एकर." पोरीची सोयरीक जमवायला पाहुणे येतात, तेही हेच विचारतात, "अतिक्रमण किती हाय?" तूर कुठे पेरली? "अतिक्रमणात." म्हातारी कुठे गेली? "अतिक्रमणात गेली निंदाले." घराच्या वाटणीत एका भावाला घर आणि दुसऱ्याला अतिक्रमण येते. जणू ‘अतिक्रमण’ हे वावराचंच नाव आहे, एखाद्या वावराला ‘आंब्याचं’ म्हणतात, एखाद्याला ‘नाल्याकडचं’ म्हणतात, तसं.

आपण हा शब्द भोळेपणाने बोलतो. समोरचा साहेब तो भोळेपणाने ऐकत नाही. आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘माझं वावर’. तो लिहितो तेव्हा त्याचा अर्थ ‘दुसऱ्याच्या जागेत घुसलेला माणूस’. आपल्या वावराचं नाव त्याच्या कागदात आपला गुन्हा होतो, आणि त्या कागदाखाली सही किंवा अंगठा आपलाच असतो.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. जमिनीची लढाई दाव्याच्या फायलीत, तहसीलवर आणि कोर्टात चालूच राहील. पण हा एक शब्द आपण आजपासून बोलणं, लिहिणं आणि लिहून घेणं बंद केलं पाहिजे. याला पैसा लागत नाही, वकील लागत नाही, साहेबाची परवानगीही लागत नाही.

शब्दाचा अर्थ काय?

अतिक्रमण म्हणजे ओलांडणे. हद्द ओलांडून पलीकडे पाय टाकणे. मग या शब्दाला तीन गोष्टी लागतात. एक हद्द पाहिजे. हद्दीपलीकडे जागेचा खरा मालक पाहिजे. आणि हद्द आधीपासून तिथे पाहिजे, ओलांडणारा नंतर आला पाहिजे.

आता आपल्या वावराला या तीन गोष्टी लावून पाहा. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्यानंतर मोजणी झाली, दगड रोवले गेले आणि जंगलाचे वर्ग पाडले गेले. लाकडाचं जंगल अ, गवताचं ब, चराईचं क. जमिनीला इंग्रजी अक्षराने ओळखायची सवय आपल्या भागाला तेव्हापासून लागली. म्हणून आजही अकोला, वाशीम, बुलडाण्याकडचा माणूस ‘गायरान’ न म्हणता ‘ई-क्लास’ म्हणतो. शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा ‘ई-क्लासात बकऱ्या हायेत’ म्हणते.

ते दगड रोवले गेले तेव्हा आपले आंध, गोंड, कोलाम, पारधी आजे-पणजे कुठे होते? इथंच होते. कोणी जंगल साफ करून ज्वारी टाकत होते, कोणी मोह, डिंक, तेंदू वेचत होते, कोणी शिकारीवर जगत होते. त्यांना कोणी विचारलं नाही. हद्द त्यांच्या अंगणातून गेली. मग ओलांडलं कोणी? माणसाने दगड ओलांडला, की दगडाने माणूस ओलांडला?

इंग्रज गेले, पण ती समजूत गेली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 20 वाचा. त्याचा मतलब असा की जी जमीन कोणाच्या कायदेशीर मालकीची नाही ती सगळी राज्य सरकारची. वाचायला हे साधं वाटते. पण ज्या समाजाकडे कधी कागदच नव्हता, त्याच्यासाठी याचा अर्थ होतो की तुझं काहीच नव्हतं आणि नाही. कागद नाही म्हणून मालकी नाही, मालकी नाही म्हणून जमीन सरकारची, सरकारची म्हणून तू अतिक्रमणदार. ‘अतिक्रमण’ या शब्दाला सगळं बळ या एका साखळीतून मिळते. साखळीची पहिलीच कडी खोटी आहे.

आपल्या बोलीत वेगळे शब्द आहेत

खऱ्या अतिक्रमणाला आपल्या बोलीत शब्द नाही असं नाही. चांगला शब्द आहे, ‘धुरा कोरणे’. शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास धुऱ्यात घालतो, चार वर्षांत धुरा हातभर सरकतो, मग भांडण, पंचायत, कधी डोकी फुटतात. धुरा कोरणाऱ्याला गावात कोणी मान देत नाही. त्याच्या घरी लग्न असलं तरी लोक म्हणतात, "धुरा कोरते, लेकाचा." दुसऱ्याच्या कष्टाची जमीन खाणं हे आपल्याला कळते, आणि ते वाईट आहे हेही कळते.

पण पडीत माळावरचे दगड वेचून, बुंधे खणून, नाल्याला बांध घालून कोणी वावर तयार केलं, तर त्याला आपले म्हातारे ‘धुरा कोरला’ म्हणत नव्हते. ते म्हणत, ‘वावर काढलं’. ते वावर कोणाचं? "जो वाहते त्याचं." वाहणे म्हणजे कसणे. त्याच्यावरूनच वाहिती, वहिवाट हे शब्द आहेत. जिथं गुरं चरतात ते सगळ्यांचं, ते कोणी वाहायचं नाही, हेही गाव ठरवत होतं. म्हणजे आपल्या बोलीत तीन गोष्टी वेगवेगळ्या होत्या. दुसऱ्याचं खाणं वेगळं, कष्टाने वावर काढणं वेगळं, आणि गावाचं सामायिक रान वेगळं. सरकारी ‘अतिक्रमण’ या शब्दाने या तिन्हींचा एकच खिचडा केला. धुरा कोरणारा पाटील आणि दगड वेचणारी आंध बाई एकाच नावाखाली आले.

महाराष्ट्रात दुसरीकडेही लोकांनी आपापले शब्द सांभाळले आहेत. गडचिरोली-चंद्रपूरकडे ‘जबरानजोत’ म्हणतात. त्यात जबरदस्ती आहे, पण ‘जोत’ही आहे, म्हणजे नांगर आहे, कष्ट आहे. रायगडकडे ‘दळी’ म्हणतात. ठाणे-पालघरकडे ‘प्लॉट’ आणि ‘एकसाली’ म्हणतात. मराठवाड्यात दलित भूमिहीन स्वतःला ‘गायरानधारक’ म्हणवतात. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून, म्हणजे 1959 आणि 1964 पासून, ज्यांनी पडीत जमिनीसाठी तुरुंग भरले त्यांच्या पुढच्या पिढ्या आज धारक म्हणून उभ्या राहतात. धारक म्हणजे ज्याच्या हाती आहे तो. मग वाशीमच्या आदिवासीनेच स्वतःला अतिक्रमणदार का म्हणावं?

एकच काम, तीन नावं

हा शब्द सगळ्यांना सारखा लागत असता तर आम्ही इतका आवाज केला नसता. पण तो माणूस पाहून लागतो.

खाणीसाठी, धरणासाठी, रस्त्यासाठी जंगल तोडलं जाते तेव्हा त्याला सरकारी कागदात ‘वळतीकरण’ म्हणतात. वन संवर्धन कायदा 1980 मध्ये आला, त्याची ही भाषा. गायरान सौर प्रकल्पाला दिलं जाते तेव्हा त्याला ‘उपलब्ध करून देणे’ म्हणतात. गावाची गुरं त्या दिवशी कुठे गेली हे त्या कागदात नसते. वजनदार माणसाचा कब्जा असला तर शब्द येतो ‘नियमानुकूल’.

याचं उदाहरण लांब जाऊन शोधायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या घोडबाभूळची गोष्ट आठवा. 37 एकर 19 गुंठे गायरान. 2022 साली तत्कालीन महसूल राज्यमंत्र्यांनी ते एका खाजगी माणसाच्या नावे नियमानुकूल करायचा आदेश दिला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, आणि डिसेंबर 2022 मध्ये, नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू असताना, खंडपीठाने मंत्र्यांना नोटीस काढली. तोवर ते कृषिमंत्री झाले होते. विधानसभेत गोंधळ झाला, पेपरात मोठे मथळे आले.

आता त्याच वर्षीची दुसरी बाजू पाहा. 6 ऑक्टोबर 2022 ला उच्च न्यायालयाने राज्यभरच्या गायरानांवरचे कब्जे वर्षअखेरपर्यंत काढा असा आदेश दिला. त्यापाठोपाठ गरिबांच्या दारावर नोटिसा लागल्या. ज्यांची एक खोली, एक गोठा, दीड एकर तूर, त्यांची झोप उडाली. नोटिशीत नाव काय? अतिक्रमणधारक.

म्हणजे एकाच साली, एकाच राज्यात, एकाच जातीच्या जमिनीवर 37 एकर ‘नियमानुकूल’ व्हायला निघाले आणि दीड एकर ‘अतिक्रमण’ म्हणून पाडायला निघाले. घोडबाभूळला न्यायालय आडवं आलं हे चांगलंच झालं. पण आपल्या दीड एकरासाठी मथळा कोण देणार?

शब्दाने काय होते?

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "शब्दानं काय होते? जमीन भेटली म्हणजे झालं. लोकांच्या तोंडात बसलेला शब्द कायले काढता?" ही शंका बरोबर जागेवरून येते, म्हणून तिला नीट उत्तर दिलं पाहिजे.

शब्दाने काय होते ते 2002 साली देशाने पाहिलं. 3 मे 2002 ला केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयातून राज्यांना पत्र गेलं की वनजमिनीवरची सगळी अतिक्रमणं 30 सप्टेंबर 2002 पर्यंत काढा. पत्रात आदिवासी हा शब्द असता, तीन पिढ्यांची वहिती हा शब्द असता, तर ते पत्र तसं निघालं असतं का? ‘अतिक्रमण’ म्हटल्यावर कोणाला वाईट वाटत नाही. अतिक्रमण काढतात, माणूस काढत नाहीत. त्यानंतर ठिकठिकाणी झोपड्या पाडल्या, उभ्या पिकात जनावरं सोडली, हत्तीसुद्धा वापरले. देशभरच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि त्यातूनच 2006 चा वनहक्क कायदा आला.

शब्दाने काय होते ते गावातही दिसते. पंचनाम्याला पटवारी किंवा गार्ड येतो. कागद आधीच लिहिलेला असतो, ‘सदर इसमाने शासकीय जमिनीवर अतिक्रमण केल्याचे कबूल केले.’ खाली अंगठा लागतो. पुढे दाव्याची सुनावणी असली की तोच कागद समोर येतो, "तुम्हीच कबूल केलं ना?" आणि पीक गेल्यावर नुकसानीच्या यादीत नाव घालायला गेलं की ऐकावं लागते, "तुमचं त अतिक्रमण हाय, त्याचं कायचं नुकसान?"

आणखी एक नुकसान आहे, ते आपल्या मनाचं. जो माणूस वीस वर्षं स्वतःला अतिक्रमणदार म्हणतो तो गार्ड आला की उभा राहून हात जोडतो. कोंबडी देतो, हजार-दोन हजार देतो. चोरी पकडली गेल्यासारखी त्याची मान खाली असते. हक्क असलेला माणूस कागद मागतो. चोर ठरलेला माणूस माफी मागतो. हा फरक त्या एका शब्दाने पडतो.

आणि एक वाईट गोष्ट. हाच शब्द आपण आपल्यातच वापरायला लागलो. ज्याला सातबारा आहे तो नसलेल्याला म्हणतो, "ते अतिक्रमणवाले लोक." पारधी बेड्यावरच्या माणसाला तर हे रोज ऐकावं लागते. सरकारने दिलेली शिवी आपण खालच्याला देतो, तेव्हा सरकारचं काम आपण फुकट करतो.

कायदा कोणता शब्द वापरतो?

वनहक्क कायद्याचं पूर्ण नाव ऐका. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम 2006. ‘मान्यता’. देणे नाही, वाटणे नाही, माफ करणे नाही. जे आहे ते मान्य करणे. कायद्याच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. ज्याच्यावर अन्याय झाला तो गुन्हेगार कसा?

कलम 3 मध्ये हक्क आहे तो वनजमीन धारण करण्याचा, तिथे राहण्याचा आणि ती कसण्याचा. त्याच कलमात वादातल्या जमिनींचा हक्क आहे, राज्यात त्या जमिनीला कोणत्याही नावाने ओळखत असोत. ‘कोणत्याही नावाने’ हे नीट लक्षात ठेवा. कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं की सरकार जमिनीला नाव ठेवून हक्क मारते. आणखी एक पोटकलम जुन्या पट्ट्यांचं, लीजचं मालकी हक्कात रूपांतर करण्याचं आहे. म्हणजे पट्टा वेगळा आणि हक्क वेगळा. आपण "पट्टा भेटला" म्हणतो, मंत्री "पट्टे वाटप कार्यक्रम" घेतात, हार घालून फोटो काढतात. भाड्याने दिलेल्या वस्तूचा पट्टा असतो. आपल्याला मिळतो तो मान्य झालेला हक्क. तो वारसाला जातो, विकता येत नाही, आणि नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. ‘अतिक्रमणदार’ म्हणून रजिस्टरला बहुतेक पुरुषाचंच नाव असते. हक्क मान्य झाला की बाईचं नाव कागदावर येते. बायांनो, हा शब्द बदलणं तुमच्या पदरात सगळ्यात जास्त टाकते.

आणि कलम 4, पोटकलम 5. दाव्याची मान्यता आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत वननिवासीला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. कायद्याचा शब्द ‘ताबा’ आहे. साहेब ‘अतिक्रमण’ म्हणेल तेव्हा आपण ‘ताबा’ म्हणायचं.

वाशीम अनुसूचित क्षेत्रात नाही, इथे पेसा नाही, म्हणून काही साहेब सांगतात की हे सगळं गडचिरोलीसाठी आहे. हे खोटं आहे. वनहक्क कायदा जिथे वनजमीन आहे तिथे लागू आहे.

"पण पुरावा त त्याच शब्दाचा हाय!"

दुसरी शंका जास्त अवघड आहे. एक भाऊ म्हणतो, "ई-क्लासच्या जमिनीसाठी 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय हाय. त्यात 14 एप्रिल 1990 च्या आधीचं अतिक्रमण असलं तरच नियमानुकूल होते. मंग अतिक्रमण नाही म्हटलं त जमीनच जाईल."

भाऊ अर्धा बरोबर आहे. जुना कागद फेकायचा नाही, जपायचा. गाव नमुना 1-ई हे अतिक्रमणांचं रजिस्टर आहे. (ई-क्लास आणि 1-ई यात गोंधळ करू नका. ई-क्लास ही जमीन, 1-ई हे रजिस्टर.) त्यात तुमच्या आज्याचं नाव 1985 साली लागलं असेल, दंडाची पावती असेल, वनखात्याने पीओआर फाडला असेल, तर तो सोन्यासारखा पुरावा आहे. सरकारने शिवी देताना तारीख टाकली, त्या तारखेनेच सिद्ध होते की तुम्ही तेव्हा तिथे होता. पावतीवर ‘अतिक्रमण’ लिहिलं असलं तर ते सरकारचं म्हणणं. आपण ती पावती दाखवायची ती ताब्याची तारीख म्हणून, गुन्ह्याची कबुली म्हणून नव्हे. अर्जात त्या शासन निर्णयाचं नाव जसंच्या तसं लिहायला लागलं तर लिहा. पण स्वतःच्या वाक्यात लिहा की ‘अमुक सालापासून माझा ताबा व वहिती आहे.’

वनजमिनीच्या दाव्याला तर नुसता सरकारी कागद लागतच नाही. नियमांत म्हाताऱ्यांचे लेखी जबाब चालतात. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्याने सांगितलेलं. घर, झोपडी, बांध, सपाटीकरण, विहीर, स्मशान, देवाचं ठाणं, हे सगळं पुराव्यात धरलं आहे. म्हणजे तुमच्या बापाने घातलेला दगडी बांध हा कायद्याने पुरावा आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा पाहिजे. बंजारा, बौद्ध, धनगर असे जे आदिवासी नाहीत पण जंगलावर जगतात, त्यांना त्या तारखेच्या आधी तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं राहणं दाखवावं लागते. त्यांचेही म्हातारे शोधा. त्यांना सोडून लढलो तर गावच दुभंगेल.

मग ई-क्लास कोणाची?

तिसरी शंका गुराखी घेतात, आणि ती खरी आहे. "सगळ्यांनीच वावर काढलं त जनावरं काय खातील?"

आमचं उत्तर असं. ई-क्लास सरकारी आहे हे अर्धसत्य आहे. ती गावाची आहे, सरकारच्या नावावर नोंदलेली. तिच्यावर गुरं चरतात, गोवऱ्या मिळतात, पाऊस झाला की तरोटा मिळतो, मयतीला जागा मिळते. 28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी वाचवा असं सांगितलं ते याचसाठी. पैसेवाल्यांनी आणि राजकारण्यांनी गावाची जमीन कशी खाल्ली यावर त्यात कडक शब्द आहेत. आणि भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जागांचा अपवादही त्यातच ठेवला आहे. पण निकाल गावात पोहोचेपर्यंत अपवाद गळतो आणि बुलडोझर तेवढा येतो.

म्हणून फरक करायचं काम पटवाऱ्यावर सोडू नका, ग्रामसभेने करा. पोटासाठी जुनं वावर काढलेला भूमिहीन वेगळा. चाळीस एकराचा मालक असून ट्रॅक्टरने ई-क्लास कोरणारा वेगळा. त्याला ‘धुरा कोरणारा’ म्हणा, गावाचा धुरा कोरणारा. हा आपला जुना शब्द आहे आणि तो बरोबर माणसाला लागतो. गडचिरोलीतल्या मेंढा गावाने 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथे एकेकाच्या तुकड्याआधी सगळ्यांचं रान धरलं. आपल्याकडे जंगल तेवढं नाही, पण रीत तीच लागू होते. वावर आणि रान दोन्ही मागा. चराईचा भाग गावाने नकाशावर दाखवून द्या आणि तो राखा. तसं केलं तर उद्या सौर कंपनी आली, की कोणी मोठा माणूस 37 एकर मागायला आला, की गावाजवळ उत्तर तयार असेल.

आता काय करायचं?

एक. कोऱ्या किंवा आधी लिहिलेल्या पंचनाम्यावर अंगठा लावू नका. वाचून घ्या. ‘अतिक्रमण कबूल’ असं असेल तर सही करू नका, किंवा सहीच्या वर लिहा, ‘मला हा मजकूर मान्य नाही. सदर जमीन माझ्या ताब्यात व वहितीत असून वनहक्क दावा केलेला आहे.’ दाव्याची पोच घेतली नसेल तर आधी ती घ्या.

दोन. नोटीस आली की घाबरून घरी ठेवू नका. आधी पाहा, गट वन म्हणून नोंदलेला आहे की ई-क्लास म्हणून. वनजमीन असेल तर वनहक्क कायद्याचं कलम 4(5) दाखवून लेखी उत्तर द्या. ई-क्लास असेल तर नोटीस महसूल संहितेच्या कलम 50 किंवा 53 खाली असते. तिथे 1990 च्या आधीचे कागद जोडा. उत्तराची पोच घ्या.

तीन. दावा फेटाळला असेल तर कारण लेखी मागा. ‘अतिक्रमण असल्याने नामंजूर’ हे कारण कायद्यात बसत नाही. 60 दिवसांत अपील करा.

चार. ट्रंकेतल्या सगळ्या दंड-पावत्या, पीओआर, जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. झेरॉक्स संघटनेजवळ द्या. मूळ कागद कोणालाही देऊ नका, साहेबालाही नाही आणि आम्हालाही नाही.

पाच. पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या. वनहक्काच्या कामाला निम्मे लोक हजर लागतात, त्यात तिसरा हिस्सा बायांचा. ठरावात असं लिहा:

‘आमच्या गावातील ज्या कुटुंबांचा वनजमिनीवर पूर्वापार ताबा व वहिती आहे त्यांचा उल्लेख कोणत्याही सरकारी कागदात अतिक्रमणदार असा करू नये. त्यांना वनहक्क दावेदार अथवा वनहक्क धारक असे लिहावे. गावाची ई-क्लास व चराईची जमीन ग्रामसभेच्या संमतीशिवाय कोणासही देऊ नये.’

ठरावाची एक प्रत तहसीलला, एक एसडीओकडे, एक वनखात्याच्या रेंजला द्या. ते मानतील का? पहिल्या दिवशी नाही मानणार. पण पुढच्या पंचनाम्याला गार्ड ‘अतिक्रमण’ लिहायला लागला आणि गावातली दहा माणसं एकदम म्हणाली, "साहेब, तो शब्द खोडा," की त्याचं पेन थांबेल. ते थांबलं की आपलं काम सुरू झालं समजा.

आणि आज रात्रीपासून घरात पोरांना सांगा. कोणी विचारलं वावर किती, तर म्हणा, "पाच एकर. दोनाचा सातबारा हाय, तिनाचा याचा हाय."

जोहार! जिंदाबाद!